कानानें शिकलेली गिटार



गिटार हें वाद्य आतां आपल्या घरांत परकें राहिलेलें नाहीं. ज्या दिवाणखान्यांत एके काळीं बाजाची पेटी असे, तेथें आज कोपऱ्यांत काळ्या पिशवींत घातलेली गिटार उभी दिसते. घरांतला मुलगा ती काढतो, मांडीवर घेतो, समोर मोबाइल ठेवतो आणि वाजवूं लागतो. मोबाइलवर सहा आडव्या रेघा असतात. त्या सहा तारा. रेघांवर आंकडे असतात. ते गिटारच्या पडद्यांचे. तिसऱ्या तारेवर सातवा पडदा, दुसऱ्या तारेवर पांचवा, अशी ती लिपि. तिला ‘टॅब’ म्हणतात. आंकडा वाचावा, बोट ठेवावें, तार छेडावी, कीं सूर येतो. अशा रीतीनें आठवड्याभरांत एकादी प्रसिद्ध सुरावट हातांत बसते. आणि तरीहि ऐकणाऱ्याला कांहीं तरी राहून गेल्यासारखें वाटतें. आंकडे बरोबर असतात, बोटें बरोबर पडतात, आणि गाणें मात्र आलेलें नसतें. असें कां होतें आणि त्याला उपाय काय, याविषयीं आज चार गोष्टी सांगण्याचा विचार आहे.

प्रथम माझी स्वतःची फजिती सांगतों. सुमारें चाळीस वर्षांपूर्वीं मी कॉलेजांत असतांना मला गिटारचें वेड लागलें. शिक्षक नव्हता. एका मित्राजवळ बी. बी. किंग या अमेरिकन वादकाची एक कॅसेट होती, आणि तिच्यांतील एका वादनाचा हातानें लिहिलेला टॅबचा कागदहि होता. तो कागद मीं उतरवून घेतला आणि दोन महिने खपून तें वादन बसविलें. गॅदरिंगमध्यें वाजविलें तेव्हां टाळ्या पडल्या. त्या आनंदांत घरीं आलों आणि पुन्हां वाजवूं लागलों. आमची आजी माजघरांत वाती वळीत बसली होती. तिनें आयुष्यांत गिटार हातांत धरलेली नव्हती. परंतु भजनांत तिचा सूर पक्का होता, आणि ती कॅसेट दोन महिने तिच्याहि कानांवर पडत होती. ती म्हणाली, “अरे, तो सूर तिथवर जातच नाहीं. मध्येंच थांबतो. तूं उगीच पुढें ढकलतोस.”

मला रागच आला. मीं कागद दाखवून म्हटलें, “आजी, इथें तसेंच लिहिलें आहे.” ती म्हणाली, “असेल बाबा. पण त्या डब्यांतला माणूस तसें वाजवीत नाहीं.” आणि पुन्हां वाती वळूं लागली.

पुढें दोन वर्षांनीं मीं तें वादन, कागद बाजूला ठेवून, एकेक सूर तपासून ऐकलें; आणि आजीचें म्हणणें अक्षरशः खरें असल्याचें दिसून आलें. आफ्रिकन अमेरिकन लोकांच्या ‘ब्लूज’ या गायनप्रकारांत गांधार हा पुष्कळदां कोमलहि नसतो आणि शुद्धहि नसतो. तो दोहोंच्या मध्यें कोठें तरी घेतला जातो. गिटारवादक कोमल गांधाराच्या पडद्यावर बोट ठेवून तार किंचित् आडवी ओढतो. तिच्यामुळें सूर चढतो, परंतु शुद्ध गांधारापर्यंत पोहोंचत नाहीं. ज्यानें तो कागद लिहिला त्यानें जवळचा पडदा पाहून शुद्ध गांधाराचा आंकडा टाकला होता, आणि मीं तो प्रमाण मानला होता. हें जेव्हां मला कळलें तेव्हां ‘तुझें बरोबर होतें’ असें सांगण्यास आजी राहिली नव्हती.

या गोष्टीवरून कोणी लिहिलेल्या संगीताचा तिरस्कार करूं नये. पं. विष्णु नारायण भातखंडे यांनीं शेंकडों चिजा स्वरलिपींत उतरवून छापल्या, त्यामुळें त्या सर्वांना खुल्या झाल्या. हा उपकार लहान नव्हे. परंतु पुस्तकांतली चीज गळ्यांत उतरण्यास पुन्हां कोणाच्या तरी तोंडून ऐकावी लागते, हें आपल्याकडे कोणासहि पटवून द्यावें लागत नाहीं. गुरूनें जागा घ्यावी, शिष्यानें ती जशीच्या तशी म्हणावी, चुकल्यास गुरूनें पुन्हां घ्यावी, ही आपली तालीम. गिटारचीहि तालीम पुष्कळ मोठ्या वादकांनीं याच मार्गानें घेतली. भेद एवढाच कीं त्यांचा गुरु म्हणजे फिरणारी तबकडी होती.

वेस माँटगोमेरी यांचें उदाहरण घेऊं. इंडियानापोलिस शहरांत १९२३ सालीं जन्मलेले हे जाझ संगीतांतील थोर गिटारवादक. यांना स्वरलिपि वाचतां येत नसे. विशीच्या सुमारास, लग्न होऊन संसार सुरू झाल्यावर, त्यांनीं चार्ली ख्रिश्चन यांची ‘सोलो फ्लाइट’ ही तबकडी ऐकली. ख्रिश्चन हे बेनी गुडमन यांच्या वाद्यवृंदांत विजेवर चालणारी गिटार वाजवीत. हें वादन १९४१ सालीं मुद्रित झालें, आणि पुढच्याच वर्षीं, अवघ्या पंचविसाव्या वर्षीं, क्षयानें ख्रिश्चन यांचा अंत झाला. माँटगोमेरी यांनीं गिटार विकत घेतली आणि त्या तबकडीवरील सूर कानानें वेंचण्यास आरंभ केला. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारें तीन मिनिटांचें संगीत मावत असे. नको तो भाग टाळून हवा तोच ऐकण्याची सोय नव्हती. सुई उचलावी, अंदाजानें मागें ठेवावी, पुन्हां ऐकावें. प्रत्येक वेळीं तबकडी थोडी झिजे. दिवसा काम असल्यामुळें सराव रात्रीं चाले, आणि शेजाऱ्यांची तक्रार येऊं लागली. तेव्हां त्यांनीं तार छेडण्याची पिक टाकून दिली व अंगठ्याच्या मऊ भागानें वाजविण्यास सुरुवात केली. तोच अंगठ्याचा मऊ, गोल आवाज पुढें जगभर त्यांची ओळख ठरला.

आतां असें शिकण्याची रीत कोणती, तें सांगतों. पहिली गोष्ट म्हणजे गिटार खालीं ठेवावी. सुरावट प्रथम पुष्कळ वेळां नुसती ऐकावी आणि मग गुणगुणावी. गळा चांगला असण्याची जरूर नाहीं. सूर वर जातो कीं खालीं येतो, कोठें रेंगाळतो, कोठें श्वास घेतो, एवढें गळ्यानें दाखविलें म्हणजे झालें. जें गुणगुणतां येत नाहीं तें आपण अद्यापि ऐकलेलेंच नाहीं, असें खुशाल समजावें.

त्यानंतर षड्ज शोधावा. या बाबतींत आपल्या मुलांना घरचाच फायदा आहे. आपला ‘सा’ कोणत्याहि पट्टींत बसतो, आणि बाकीचे सूर त्याच्या नात्यानें ओळखण्याची संवय आपल्या कानाला असते. सुरावट जेथें येऊन विसांवते, जेथें संपल्यासारखें वाटतें, तो बहुधा षड्ज. तो सांपडला कीं इतर सूर ‘ग’, ‘प’, ‘कोमल नी’ अशा नांवांनीं हाक मारल्याबरोबर पुढें येतात. जुन्या तबकड्यांची गति नेहमीं काटेकोर नसे. म्हणून आपली गिटार आधीं तिच्या षड्जाशीं मिळवून घ्यावी, नाहीं तर प्रत्येक सूर दोन पडद्यांच्या फटींत पडल्यासारखा वाटतो.

आरंभ ‘रिफ’पासून करावा. रिफ म्हणजे पुन्हां पुन्हां येणारा लहानसा तुकडा. तबल्याच्या स्वतंत्र वादनांत पेटीवर लेहरा चालूं असतो, त्याच्याशीं त्याचें जवळचें नातें आहे. रिफ स्वतःच परत येत असल्यामुळें तो कानाला दहादां संधि देतो. ‘सोलो’ म्हणजे एकट्याचें विस्तारानें केलेलें वादन. तें मागाहून घ्यावें, आणि तेंहि चार-पांच सुरांच्या घांसांनीं. एक घांस पुरता जिरल्यावांचून दुसरा घेऊं नये.

सूर सांपडला तरी त्याची जागा सांपडतेच असें नाहीं, ही गिटारची खास अडचण. जाड तारेकडून बारीक तारेकडे जातांना प्रत्येक तार मागच्या तारेच्या मध्यमांत मिळविलेली असते; फक्त तिसऱ्या व दुसऱ्या तारेमध्यें गांधाराचें अंतर असतें. बारा पडद्यांत एक सप्तक पुरें होतें. परिणाम असा कीं सर्वांत बारीक मोकळ्या तारेचा सूर दुसऱ्या तारेच्या पांचव्या पडद्यावर मिळतो, तिसरीच्या नवव्या आणि चौथीच्या चौदाव्या पडद्यावरहि मिळतो. सूर एकच, परंतु आवाजाचा पोत निराळा. मोकळी तार खणखणते. जाड तारेवर वरच्या बाजूला घेतलेला तोच सूर भरलेला आणि किंचित् घुमट येतो. म्हणून कोणता सूर एवढेंच नव्हे, तर कोणत्या अंगाचा सूर, हेंहि ऐकावें. तारेवर बोट घसरलें कीं नवीन छेडलें, तार ओढली कीं सोडली, हें सर्व कानाला कळूं लागतें. तेथें खरें गाणें असतें, आणि तेवढेंच आंकड्यांतून बहुधा निसटतें.

फारच जलद तान असेल तर ती मंद करून ऐकण्यास हरकत नाहीं. पूर्वींचे वादक तबकडीची किंवा टेपची गति निम्मी करीत. तसें केल्यानें सूर बरोबर एक सप्तक खालीं उतरतो, परंतु सुरांचीं नातीं बदलत नाहींत. आतां कॉम्प्युटर सूर न उतरवितां गति कमी करतो. ही मोठी सोय आहे. पण मंद केलेल्या आवाजांत तार छेडल्याचा तो नेमका ठोका पसरट होतो आणि लयीचा झोंक हरवतो. यास्तव मंद करून सूर शोधावे आणि मूळ गतींत परत येऊन ते पारखावे. कागदावर लिहून ठेवणें असेल तर तें सर्वांत शेवटीं. तेव्हां लिहिलेला कागद आपला असतो.

एक शंका येथें रास्त आहे. दुसऱ्याचें वादन सूर न् सूर उचलणें ही नक्कलच नव्हे काय? होय, नक्कलच. माँटगोमेरी यांना पहिलें काम मिळालें तें ख्रिश्चन यांचे सोलो जसेच्या तसे वाजविण्याचें. त्यांनीं पुढें स्वतःच सांगितलें आहे कीं ते तेवढे सोलो वाजवीत आणि मग गप्प बसत. त्यापलीकडे वाजविण्यासारखें त्यांच्याजवळ कांहीं नव्हतें. त्या गप्प बसण्याचा मला फार आदर वाटतो. उसन्या भाषेंतलीं वाक्यें संपलीं कीं थांबावें, एवढी लाज ज्याला आहे त्याला एक दिवस स्वतःचें वाक्य सुचतें. १९४८ सालीं लायोनेल हॅम्प्टन यांनीं त्यांना आपल्या वाद्यवृंदांत घेतलें. १९६० सालच्या त्यांच्या ध्वनिमुद्रिकेनें ते सर्वत्र गाजले. त्यांच्या वादनांत ख्रिश्चन यांचें ऋण ऐकूं येतें, आणि तरी तें वादन दुसऱ्या कोणाचेंहि वाटत नाहीं.

ज्यांच्या कॅसेटनें माझी फजिती केली त्या बी. बी. किंग यांची हकीकत याहून बोलकी आहे. मिसिसिपी राज्यांत १९२५ सालीं जन्मलेल्या किंग यांचे एक नातलग, बुका व्हाइट, हे तारेवर नळी घसरवून वाजवीत. तो थरथरता, लांबत जाणारा आवाज किंग यांच्या कानांत भरला. पण नळीचें तें कसब त्यांच्या हाताला साधेना. मग तोच आवाज काढण्यासाठीं ते तारेवर बोट ठेवून हात कंपित करूं लागले. त्या धडपडींतून जो कंप निर्माण झाला तो इतका त्यांचा झाला कीं एका सुरावरून माणसें त्यांना ओळखूं लागलीं. त्यांना नळी कशी धरावी याचा कागद मिळाला असता तर ते कदाचित् मध्यम प्रतीचे नळीवादक झाले असते. त्यांच्या कानांत आवाज होता आणि हातांत अडचण होती; त्या दोहोंच्या मधल्या जागेंत त्यांचें स्वतःचें संगीत जन्मास आलें.

तेव्हां ज्यांच्या घरीं गिटार आहे त्यांस माझी एवढीच विनंति आहे. मूल आंकडे पाहून वाजवीत असेल तर त्याला रागावूं नका. आरंभ सर्वांचा कोठून तरी व्हावाच लागतो. फक्त एकदां गिटार बाजूला ठेवावयास सांगा आणि म्हणा, “हेंच जरा गुणगुणून दाखव पाहूं.” आणि घरांत कोणी वडीलधारें माणूस वाती वळीत, भाजी निवडीत बसलेलें असेल, तर त्याला वाद्य कळत नाहीं म्हणून त्याचें म्हणणें टाकूं नका. तें दोन महिने तुमच्याबरोबर ऐकत आलेलें असतें, आणि त्याच्या हातांत कागद नसतो.