चौकटीची रुंदी

नागपुरांत महालांतील एखाद्या वाड्याच्या बैठकींत आजोबांचें छायाचित्र लावावयाचें आहे. भिंतीवर जागा सोळा इंच लांब व बारा इंच रुंद, एवढीच. घरच्या मंडळींची इच्छा अशी, कीं निम्मी जागा चित्राची व निम्मी सागवानी चौकटीची असावी, आणि चौकट चारी बाजूंनीं सारखी दिसावी. सुतार विचारतो, "पट्टी किती रुंद कापूं?"

निम्में क्षेत्र म्हणजे निम्मी लांबी व निम्मी रुंदी, असें घाईचें उत्तर सहज तोंडीं येतें. पण आठ गुणिले सहा म्हणजे ४८ चौरस इंच. आणि सबंध जागा तर १९२ ची! चित्र निम्में न राहतां पावच उरलें. छायाचित्र एकच असेल, तर तें या मापानें कातरल्यावर पश्चात्तापाचा कांहीं उपयोग नाहीं.

म्हणून पट्टीची रुंदी अव्यक्त मानावी. इ. स. १११४ मध्यें जन्मलेले भास्कराचार्य आपल्या बीजगणितांत अशा राशीस 'यावत्तावत्' म्हणतात आणि थोडक्यांत 'या' लिहितात. पट्टी दोन्हीकडून येते. तेव्हां लांबींतून व रुंदींतून 'या'ची दुप्पट वजा करून येणाऱ्या संख्यांचा गुणाकार ९६ हवा. आंकडे सोपे केले, कीं 'या'चा वर्ग वजा चौदा 'या', बरोबर वजा चोवीस, एवढेंच उरतें. आतां मध्यमाहरण. चौदाच्या निम्मे सात. त्यांचा वर्ग ४९ दोन्ही पक्षांत मिळवला, कीं एकीकडे पूर्ण वर्ग साधतो व दुसरीकडे २५ राहतात. मूळ पांच. म्हणून 'या' दोन, किंवा बारा.

बारा इंचांची पट्टी ऐकून सुतार हंसेल. जागेचीच रुंदी बारा! तरी समीकरण तिला नाकारीत नाहीं, कारण वजा आठ व वजा बारा यांचा गुणाकारही ९६ च होतो. भास्कराचार्यांपुढें हाच पेंच वानरांच्या उदाहरणांत आला. कळपाच्या पंचमांशांतून तीन वजा करून वर्ग केला, तितके वानर गुहेंत शिरले आणि एक फांदीवर दिसला. तर कळप केवढा? उत्तरें पन्नास व पांच. पांचांचा पंचमांश एक. त्यांतून तीन कसे जावे? ऋण वानर लोकांना पटत नाहींत, म्हणून आचार्यांनीं दुसरें उत्तर सोडून दिलें.

सुताराला मात्र यांतलें कांहींच नको असतें. त्यानें एका दोरीवर लांबी व रुंदी सलग धरावी: २८ इंच. त्यांतून कर्णाइतकी, म्हणजे २० इंच, दोरी वगळावी. उरलेल्या आठ इंचांची दोनदां घडी घातली, कीं एक पदर दोन इंचांचा. चित्र व चौकट निम्मेनिम्म हवीं असतील, तर कोणत्याही काटकोन चौकोनास ही युक्ति लागू पडते. वजा करण्याऐवजीं कर्ण मिळवला, तर तेच बारा इंच पुन्हां हजर होतात.

चित्र दिसेल तें बारा इंच लांब व आठ इंच रुंद. चौकटीच्या खांचेंत दडणारी कड मात्र सुतारानें कागद कातरण्यापूर्वीं वेगळी धरावी.