अक्षरे, आकार आणि संगणक



संगणकाचे प्रोग्राम लिहिण्यात आमचे आयुष्य गेले, म्हणून चालकांनी आजचा विषय आमच्यावर सोपविला. आमच्या धंद्यातल्या माणसाला व्यासपीठावर उभे केले, की तो बहुधा नव्या हत्यारांचे पोवाडे गाऊ लागतो. आमचा तसा विचार नाही. हत्यारे येतात नि जातात. ज्या प्रोग्रामांवाचून एके काळी आमचे पान हलत नसे, त्यांतले निम्मे आज कोणत्याही यंत्रावर चालत नाहीत. त्यांचे आम्हांस दुःख नाही. त्यांनी मागे काय ठेवले, आणि जे ठेवले ते आज वाचता येते की नाही, एवढाच आमचा प्रश्न आहे. मराठीच्या बाबतीत त्याचे उत्तर फारसे सुखावह नाही.

मुळाशी गोष्ट सोपी आहे. संगणकाला अक्षर कळत नाही, क्रमांक कळतो. अमुक क्रमांक म्हणजे अमुक अक्षर, असा करार आधी व्हावा लागतो. इंग्रजीपुरता तो १९६३ साली ॲस्की या नावाने झाला. त्यात १२८ जागा होत्या आणि इंग्रजीचे तेवढ्यात भागले. भारतीय लिप्यांसाठी भारतीय मानक संस्थेने १९९१ साली इस्की हे मानक काढले. त्याच वर्षी जगातील सर्व लिप्यांना एका वहीत घेऊ पाहणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली, आणि तीत देवनागरीला १२८ घरांचा स्वतंत्र वाडा मिळाला.

म्हणजे करार होता. बाजारात मात्र निराळेच चालले होते. छपाईची घाई झालेली, पुस्तके-पत्रिका-लग्नपत्रिका संगणकावर जुळू लागलेल्या. तेव्हा फॉन्ट करणाऱ्यांनी इंग्रजी अक्षरांच्या घरांत देवनागरीचे आकार नेऊन बसविले. इथे काना, तिथे अर्धा ग, पलीकडे रफार. जुन्या छापखान्यात जुळाऱ्यासमोर खिळ्यांची पेटी असे. कोणत्या खणात कोणता खिळा, हे ज्याचे त्याला ठाऊक. त्यात बिघडत काहीच नसे, कारण छापखान्याबाहेर जाई तो कागद. पेटी आतच राही. संगणकात उलटे झाले. बाहेर गेली ती खणांची मांडणी, आणि प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी! एकाकडचा मजकूर दुसऱ्याकडे उघडावा, तर पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता पाचोळा.

या मंडळींना आम्ही दोष देत नाही. त्यांच्यामुळे मराठी संगणकावर छापली गेली, आणि छापील पान देखणे निघाले. पण त्या फाइलीत मराठी नव्हती. मराठीचे चित्र होते. 'अर्थ' हा शब्द घ्या. आपण तोंडाने आधी र म्हणतो, मग थ. युनिकोडही त्याच क्रमाने साठवतो. आकारांच्या फॉन्टात मात्र आधी थ बसतो आणि मागाहून त्याच्या डोक्यावर रफार. 'कि' लिहिताना वेलांटी आधी, क नंतर. अशा फाइलीत शब्द शोधायचा कसा? अकारविल्हे लावायची कशी?

काही वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावचे एक निवृत्त शिक्षक आमच्याकडे आले. शेतीच्या अवजारांचे बोलीतले शब्द ते वीस वर्षे जमवीत होते: हळस, रुमणे, शिवळ, मोटेचा सोंदूर, नाडा. ज्यांच्या तोंडून ते शब्द घेतले, त्यांतले बहुतेक लोक हयात नव्हते. हस्तलिखित वह्या एका पावसाळ्यात भिजून गेलेल्या. उरली एक तबकडी. फॉन्ट विकणाऱ्याचे दुकान बंद झाले होते. "साहेब, माझे शब्द आत आहेत ना?" एवढेच त्यांनी विचारले. शब्द आत होते. पण कोणत्या खणात काय, याची यादी नव्हती. वह्यांची जी दहा-बारा पाने वाचण्याजोगी उरली होती, ती फाइलीशी ताडून आम्ही एकेक आकार ओळखला, आणि मग रफार व वेलांट्या आपापल्या जागी परत नेणारा छोटा प्रोग्राम लिहिला. दोन महिन्यांच्या संध्याकाळी गेल्या. प्रत्येक गावात असे कोणी भेटेलच असे नाही.

साठवणीची रीत उघडी असावी, हा आमचा आग्रह इथून आला. लेखन-प्रोग्रामांच्या फाइलींसाठी ओडीएफ हे आंतरराष्ट्रीय मानक २००६ साली झाले. मायक्रोसॉफ्टनेही आपल्या जुन्या डॉक फाइलींची रचना २००८ साली सर्वांसाठी प्रसिद्ध केली. उशिरा का होईना, चांगले झाले. साध्या मजकुराची फाइल मात्र आम्हांस सर्वांत प्रिय. केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ साली रचलेल्या यूटीएफ-८ या रीतीत देवनागरीच्या एका चिन्हाला तीन बाइट लागतात, इंग्रजीला एक. हा पंक्तिप्रपंच काहींना खुपतो. आम्हांस खुपत नाही. जागा स्वस्त झाली आहे, शब्द नव्हे.

युनिकोड आला म्हणजे सारे आलबेल झाले, असेही कोणी समजू नये. 'आचार्यास दक्षिणा दिली' आणि 'आचाऱ्यास दक्षिणा दिली' यांतला फरक इथल्या प्रत्येकास कळतो. एकात गुरुजी आहेत, दुसऱ्यात स्वयंपाकी. तो दुसरा, चंद्रकोरीसारखा र दोन तऱ्हांनी साठविता येतो. डोळ्यांस दोन्ही सारखेच. पण प्रोग्राम बेसावध असला तर शोधताना एक सापडतो, दुसरा हुलकावणी देतो. 'ॲ'ला स्वतःचे घर २००८ साली, युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत मिळाले. तोवर कोणी ए-वर चंद्र काढी, कोणी अ-पुढे सुटा चंद्र ठेवी. जुन्या याद्यांत 'ॲ'च्या शब्दांची आजही फाटाफूट आहे.

कळफलकाविषयी थोडे. इनस्क्रिप्टची मांडणी आम्हांस शहाणपणाची वाटते: स्वर बहुतेक डाव्या हाताला, व्यंजने बहुतेक उजव्या, क ज्या कळीवर, ख तिच्यावरच शिफ्ट दाबून. हीच बोटे गुजराती-बंगालीलाही चालतात. तरी लोक रोमन स्पेलिंगातून मराठी लिहितात, कारण कळांवर मराठी अक्षरे छापलेली नसतात. हा आळस लोकांचा नव्हे, विकणाऱ्यांचा. आणि नव्या आवृत्तीसरशी बटणांच्या जागा बदलणाऱ्यांना आमचे एकच विचारणे आहे: तुमच्या घरी मिसळणाच्या डब्यातल्या वाट्या कोणी दर वर्षी फिरवून ठेवल्या, तर पहिल्या फोडणीचे काय होईल?

आता एक काम. घरी संगणकावर जुने मराठी लेखन असेल, तर त्यातला एक परिच्छेद उचलून नोटपॅडसारख्या साध्या प्रोग्रामात चिकटवून पाहा. मराठीच दिसली तर तूर्त चिंता नाही. पाचोळा दिसला, तर तो फॉन्ट अजून चालतो आहे तोवर त्या लेखनाची छापील प्रत काढा, फॉन्टचे नाव तिच्यावर लिहून ठेवा, आणि मग रूपांतर करा. मूळ फाइल टाकू नका. रूपांतर झाल्यावर छापील प्रत शेजारी घेऊन कोणातरी जाणत्या माणसाकडून ते वाचून घ्या. आचार्याचा आचारी झाला आहे की काय, हे बघायला अजून माणूसच लागतो.