आपण कारखान्यावर, बी अंगणात
(सिरसाळ्यातील मासिक बैठकीत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेले मनोगत)



परसबागेचा विषय निघाला की तुम्ही विचारता, "ताई, दिवाळीनंतर आम्ही ऊसतोडीला जाणार. मागं पाणी कोण घालणार?" प्रश्न खरा आहे. म्हणून आज मी अशा फुलांबद्दल बोलते, जी आपलं बी आपणच पेरतात.

गावठी झेंडू घ्या. जूनच्या पावसात उगवतो, दसऱ्याला फुलतो आणि आपण निघेपर्यंत त्याची बोंडं वाळायला लागतात. दसऱ्याला सगळी फुलं तोडू नका. दोन-चार चांगल्या झाडांना हात लावू नका. वाळलेली झाडंही उपटू नका. बी तिथंच पडतं, उन्हाळाभर कोरडं राहतं आणि पट्टा पडून आपण घरी आलो की पहिल्या पावसात उगवतं. विकतच्या संकरित झेंडूचं मात्र तसं नाही. त्याच्या बियांपासून तशीच फुलं येतील याची खात्री नसते.

गुलबक्षीचं बी मिऱ्यासारखं काळं असतं. तिचा कंद जमिनीत तग धरतो, पाऊस पडला की पुन्हा फुटतो. सदाफुलीला पाणी कमी लागतं आणि शेळ्या तिला सहसा तोंड लावत नाहीत. या दोन्ही विषारी आहेत, तेव्हा लेकरांना बी, पानं तोंडात घालू देऊ नका.

आता काळजी दोन गोष्टींची. एक, खराटा. आपण अंगण रोज लख्ख झाडतो, त्यात बीही जातं आणि कोंबही. कुंपणाच्या कडेला दोन हात जागा न झाडता सोडा. दुसरी, गाजर गवत. तेही आपोआपच उगवतं, आणि त्याची कोवळी पानं झेंडूसारखीच कातरलेली असतात. पान जरा चुरगळून वास घ्या. झेंडूचा वास लपत नाही. गाजर गवताची रोपं जमिनीला चिकटून गोल पसरतात. ती फुलण्याआधी हाताला पिशवी बांधून उपटा, नाहीतर अंगाला खाज सुटते.

झेंडूची रोपं दाट आली तर चार बोटं उंच झाल्यावर फूटभर अंतरानं लावा. जास्तीची शेजारणीला द्या.

सगळा भरवसा जमिनीवर ठेवू नका. मुंग्या-कोंबड्याही वाटा घेतात. थोडं बी सावलीत वाळवून राख लावून कापडाच्या पुरचुंडीत बांधा. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांनी असंच गावठी बियाणं जपलं. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

यातून फार पैसा मिळेल असं मी म्हणणार नाही. पण दसऱ्याचं तोरण विकत आणावं लागणार नाही. आणि सहा महिने बंद राहिलेल्या घरापुढं पावसाळ्यात आपोआप हिरवं दिसेल, तेही काही कमी नाही.

तेव्हा ठरवू या का? टोळ्या निघण्याआधीच्या बैठकीला प्रत्येकीनं चिमूटभर बी आणायचं. ज्या आज्या-मावश्या गावात राहतात, त्यांच्याकडे गटाची पुरचुंडी ठेवायची. बचतीच्या वहीत जसं नाव लिहितो, तसं पुरचुंडीवरही लिहायचं.