दुरून पाहण्याचें साधन

शाळेंतून निवृत्त झाल्यावर मला कॅमेऱ्याचा छंद जडला. पहिल्याच वर्षीं माझ्या हातून एक चूक घडली. आजच्या भाषणाचा विषय तिच्यांतूनच निघाला आहे.

गांवाबाहेरील माळावर टिटवीचें घरटें होतें. घरटें कसलें, खड्यांमधील एक खळगा व त्यांत चार अंडीं! माझ्या कॅमेऱ्याचें भिंग आंखूड. म्हणून मी पुढें पुढें सरकत गेलों. टिटवी ओरडत उडाली, ती मी तेथून हलेपर्यंत परतली नाहीं. ऊन वैशाखांतलें होतें. अशा वेळीं टिटवी पोटाचीं पिसें पाण्यांत भिजवून अंडीं थंड राखते, हें मला पुढें कळलें. छायाचित्र उत्तम आलें. परंतु तें मीं कोणास दाखविलें नाहीं.

तेव्हां टेलिफोटो भिंगाचा खरा उपयोग प्राण्यास जवळ आणण्याचा नसून आपणांस दूर ठेवण्याचा आहे. १०० मिलिमीटर केंद्रांतराच्या भिंगानें ५ मीटरांवरून पक्षी जेवढा मोठा येतो, तेवढाच तो ४०० मिलिमीटरच्या भिंगानें २० मीटरांवरून येतो. पक्ष्यांकरितां ४०० हें मी किमान मानतों.

कॅमेऱ्यांतील प्रकाशग्राही पटल, म्हणजे सेन्सर, मुख्यतः दोन आकारांचें असतें: सुमारें ३६ × २४ मिलिमीटरांचें मोठें व २४ × १६ चें लहान. लहान पटल चित्राचा मधलाच भाग घेतें; म्हणून त्यावर ४०० चें भिंग ६०० इतकी चौकट देतें. असा कॅमेरा बहुधा स्वस्त व हलकाही असतो. पेन्शनरास हाच मार्ग सोयीचा.

दुसरा प्रश्न प्रकाशाचा. ४०० च्या भिंगास एफ २.८ चें द्वार हवें असेल, तर तोंड सुमारें १४३ मिलिमीटर रुंद लागतें; एफ ५.६ ला ७१ पुरतें. पहिल्यांतून चौपट प्रकाश येतो, पण त्याचें वजन मनगटास व किंमत खिशास झेपत नाहीं. पहांटेच्या दाट जंगलांत मोठ्या द्वाराची उणीव भासेल. उघड्या माळावर वा पाणथळीवर फारशी भासणार नाहीं. भिंगांतील स्थिरीकरणानें आपला हात स्थिर होतो, पक्षी नव्हे. उडत्या पक्ष्यासाठीं सेकंदाच्या दोनहजाराव्या भागाइतकी झडप ठेवावी.

पैसे मोजके असतील तर ते आधीं भिंगावर खर्चावे. कॅमेरे बदलतात, भिंग टिकतें. मात्र भिंगाची बैठक आपल्या कॅमेऱ्यास जुळते ना, हें पाहावें, व विकत घेण्यापूर्वीं तें दोन दिवस भाड्यानें आणून वापरावें.

एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्यानें १९२७ सालीं वाघांच्या छायाचित्रांचें पुस्तक प्रसिद्ध केलें. वाघाच्या वाटेवर तार ताणून, त्याच्याच पावलानें कॅमेरा चालवून तीं चित्रें त्यानें मिळविलीं. त्यासाठीं वाघाची वाट ठाऊक असावी लागली; पाठलाग करावा लागला नाहीं.

भिंग कितीहि लांब असो, पक्षी ओरडूं लागला कीं आपण मागें फिरावें.