उरलेल्या आठ तासांचे काय?



या व्यासपीठावर विद्वान माणसे बोलून गेली आहेत. मी सातवीत शाळा सोडलेला माणूस. पुढचे जे काही शिकलो ते बोईसरच्या कारखान्यात, संघटनेच्या कचेरीत आणि सफाळे ते बोईसर या गाडीच्या डब्यात. तेव्हा माझ्याकडून पांडित्याची अपेक्षा करू नका. उभा जन्म मी कामाच्या तासांवर भांडलो. आज मात्र मला काम संपल्यानंतरच्या तासांविषयी बोलायचे आहे.

आधी हे तास आले कोठून, ते पाहू. आपल्याला वाटते, रविवार हा पंचांगातच सुट्टीचा आहे. तसे नाही. मुंबईच्या गिरण्यांत कामगार उजाडल्यापासून दिवे लागेपर्यंत राबत होता आणि त्याला आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. आपल्या शेजारच्या ठाण्याचे नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारकडे पाठवला. त्यातली पहिली मागणी रविवारच्या सुट्टीची होती. १८९० च्या एप्रिलात दहा हजार कामगार सभेला जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. त्याच वर्षी १० जून रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढे १९२२ च्या कायद्याने आठवड्याचे तास ६० वर आणले, १९३४ च्या कायद्याने ५४ वर, आणि १९४६ च्या दुरुस्तीने ४८ वर. म्हणजे ६० चे ४८ व्हायला चोवीस वर्षे लागली. तुमच्या-माझ्या घरातल्या निवांत संध्याकाळीमागे एवढा खटाटोप आहे.

आठ तास काम, आठ तास झोप आणि आठ तास आपले स्वतःचे, ही मागणी जगभरच्या कामगारांनी केली. पहिल्या आठांसाठी आम्ही भांडलो. दुसरे आठ शरीर आपले आपण वसूल करते. तिसऱ्या आठांचे काय केले, हे मात्र आम्हांला कोणी विचारले नाही, आणि आम्हीही स्वतःला विचारले नाही.

मला तो प्रश्न कसा पडला, ते सांगतो. एका कारखान्यात कंत्राटी कामगारांना साप्ताहिक सुट्टी मिळत नव्हती. बरेच महिने खटपट करून ती आम्ही मिळवली. महिन्याभराने त्यातला एक तरुण भेटला. मी मोठ्या ऐटीत विचारले, "काय रे, रविवारी काय केलेस?" तो म्हणाला, "काही नाही, काका. झोपलो. उठलो. मोबाईल पाहिला. परत झोपलो." मला वाईट वाटले. घरी येऊन मी त्याच्यावर भाषण सुरू केले. तेव्हा माझी मुलगी शाळेत होती. तिने माझ्यापुढे आपली निबंधाची वही उघडली. विषय होता 'माझे बाबा'. पहिलेच वाक्य होते : "माझे बाबा रविवारी सभेला असतात." दुसरे वाक्य तिला सुचले नव्हते.

मंडळी, दुसऱ्यांना सुट्टी मिळवून देणारा मी, माझ्या घरात माझा रविवार नव्हता.

त्या रात्री मला माझे वडील आठवले. एडवणला आमच्या ओट्यावर ते संध्याकाळी जाळे दुरुस्त करीत. ते झाले पोटाचे काम. पण ते संपले की पांगाऱ्याच्या लाकडाचा एखादा तुकडा घेऊन ते लहानशी होडी कोरीत. पांगाऱ्याचे लाकूड हलके आणि मऊ, साध्या सुरीलाही दाद देते. त्या होड्या त्यांनी कधी विकल्या नाहीत. आळीतल्या पोरांना वाटून टाकीत. दिवसभर खाऱ्या पाण्यात राबलेला माणूस रात्री पुन्हा होडीच का करतो, हे मला लहानपणी कळत नसे. आता कळते. समुद्रावरची होडी पोटासाठी होती. ही त्यांची स्वतःची होती. तिच्यावर भरती-ओहोटीचा, व्यापाऱ्याचा किंवा सावकाराचा हुकूम चालत नव्हता.

कारखान्यात आपण वस्तूचा एखादा तुकडा करतो. कोणी झाकण बसवतो, कोणी पिंप भरतो, कोणी कापड रंगवतो. सुरुवात दुसऱ्याची, शेवटही दुसऱ्याचा. एखादी गोष्ट आरंभापासून अखेरपर्यंत आपल्या हाताने करण्याची भूक त्यामुळे आत राहून जाते. ती भागली नाही की माणूस चिडचिडा होतो, आणि त्याला वाटते आपण दमलो आहोत. दमणे वेगळे, उपाशी असणे वेगळे.

याचा दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे. वारली घरांत लग्नाच्या वेळी सवाशिणी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहीत आल्या. कुंचला म्हणजे बांबूची काडी. या बायका शेतावर आणि रानात राबणाऱ्या. त्यांना कोणी कलावंत म्हटले नाही आणि त्यांनी कधी सही केली नाही. १९७० नंतरच्या दशकात भास्कर कुलकर्णी यांनी ही चित्रे कागदावर उतरवण्याला चालना दिली. डहाणू तालुक्यातले जिव्या सोमा म्हसे लग्नाची वाट न पाहता रोज चित्रे काढू लागले. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. पण पद्मश्रीच्या आधीही ती भिंत सुंदरच होती, हे आपण विसरू नये. दीड दिवस शाळा पाहिलेले अण्णा भाऊ साठे किंवा गिरणीत राबलेले नारायण सुर्वे यांची नावे मी अभिमानाने घेतो. तरी प्रत्येकाने सुर्वे व्हावे, असे माझे म्हणणे नाही. रोजची अर्धी घटका आपली असावी, एवढेच म्हणणे आहे.

मी पांगाऱ्याचा तुकडा आणला. शनिवारी रात्री अर्धा तास बसू लागलो. पहिली होडी बादलीत सोडताच आडवी झाली. मुलगी खूप हसली. दुसरी तिने स्वतः घासून दिली. ती तरंगली.

पण येथे एक अडचण निघाली, आणि ती सांगितल्याशिवाय हे भाषण खरे होणार नाही. मी होडी कोरीत होतो तेव्हा घरातले माणूस काय करीत होते? ती भांडी घाशीत होती. एकदा ती शांतपणे म्हणाली, "अहो, तुमच्या लोखंड्यांनी बायकांना रविवार दिला नाही वाटते?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. तेव्हापासून रविवारचे बोंबील मी साफ करतो आणि भांडीही घासतो. त्या वेळात तिने जुन्या लुगड्यांची गोधडी घातली. मधोमध माझ्या कारखान्याच्या जुन्या निळ्या सदऱ्याचा चौकोन आहे. घरातल्या एकाचा छंद दुसऱ्याच्या कष्टावर उभा राहत असेल, तर तीही पिळवणूकच.

कोणी म्हणेल, पुढारी आता पगारवाढ सोडून खेळणी करायला सांगू लागला. तसे समजू नका. छंद हा पगाराला पर्याय नाही आणि उपाशी माणसाला होडी कोरायला सांगणे ही क्रूर थट्टा आहे. उलट मी म्हणतो, या अर्ध्या तासासाठी तरी भांडा. कारखान्यातील दिवसाची मर्यादा ९ तासांवरून १२ पर्यंत नेण्यास राज्य मंत्रिमंडळाने २०२५ च्या सप्टेंबरात मान्यता दिली. आठवड्याचे ४८ तास कायम ठेवले, असे सांगतात. हिशेब कागदावर जुळतो. पण बारा तासांची पाळी आणि वर गाडीचा प्रवास, एवढे करून आलेल्या माणसाच्या हातात त्या दिवशी सुरी किंवा सुई धरण्याचे बळ उरत नाही. ज्याला त्या अर्ध्या तासाची गोडी लागली आहे, तोच तो हिरावला जाताना ओरडेल. ज्याचा वेळ नुसता झोपेत आणि पडद्यापुढे जातो, त्याला तो गेल्याचे कळणारही नाही.

अनुभवाच्या दोन गोष्टी सांगून थांबतो. हाताशी असेल ते घ्या. सामान आणण्यातच सुट्टी संपवू नका. रात्रपाळी असेल तर दुपारची वेळ धरा, पण ठरलेली धरा. आणि केलेली वस्तू लगेच विकायला काढू नका. विकू लागलात की तीही पाळीच होते.

मुलीचा तो निबंध पुढे पूर्ण झाला. दुसरे वाक्य तिने लिहिले : "पण शनिवारी ते होडी करतात, आणि ती कधी कधी बुडते." मला मिळालेल्या मानपत्रांपेक्षा ते वाक्य मला अधिक प्रिय आहे.

लोखंडे यांनी रविवार मिळवून दिला त्याला सव्वाशेहून अधिक वर्षे झाली. येत्या रविवारी तो थोडासा वापरून पाहा, एवढीच विनंती करतो आणि आपली रजा घेतो.