वारा छप्पर उचलतो

३ जून २०२० च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर होता. श्रीवर्धन, दिवेआगर, म्हसळा, मुरूड या पट्ट्यात नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, घराघरांवरची कौले आणि पत्रे उडाले. पावसाळा तोंडावर, त्यात कोरोनाची टाळेबंदी. गवंडी-सुतार मिळेनात, पत्र्यांचे भाव चढलेले. मग घरची माणसे आणि शेजारीपाजारीच शिडी लावून वर चढले.

तसे यात नवे काही नव्हते. मे महिन्यातली शाकारणी कोकणात कित्येक घरी घरचीच माणसे करत आली आहेत. पण शाकारणी वेगळी आणि उडालेले छप्पर पुन्हा घालणे वेगळे.

वारा छप्पर दाबतो किंवा ढकलतो, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात वारा छपरावरून वेगाने जातो तेव्हा वरचा दाब उतरतो आणि उघड्या दारा-खिडकीतून घुसलेली हवा पत्र्याला खालून रेटते. ही ओढ वळचणीला, आढ्याशी आणि कोपऱ्यांत सर्वांत जास्त. त्यामुळे मध्यभागी एखादा स्क्रू कमी पडला तर निभावते, कडेला नाही. भोक पत्र्याच्या उंचवट्यावर पाडावे, कारण पाणी खोलगटीतून वाहते. स्क्रूच्या डोक्याखाली रबरी वायसर हवाच. तो चपटा होईपर्यंत आवळावा, फाटेपर्यंत नव्हे. खाऱ्या हवेत साधा लोखंडी खिळा लवकर गंजतो, म्हणून जस्ताचा मुलामा दिलेलाच घ्यावा. आणि नवा पत्रा किडक्या वाशावर ठोकला, तर पुढच्या वादळात दोघे मिळून जातात.

मंगळुरी कौल रिपेवर नुसते अडकून बसते. निदान वळचणीची ओळ तरी तारेने रिपेला बांधावी. कौले आणायला जाताना जुने एक सोबत न्यावे. एका कारखान्याचे कौल दुसऱ्याच्या खाचेत बसेलच असे नाही, आणि हे वर चढल्यावर कळले तर हेलपाटा पडतो.

शिडी चार फूट उंचीला एक फूट पाया बाहेर, या बेताने लावावी. वरचे टोक वळचणीपेक्षा तीन फूट उंच असावे. शेवाळलेल्या चिऱ्यावर ती टेकवूच नये. सिमेंटचा पत्रा वरून दणकट दिसतो आणि पायाखाली अचानक फुटतो; त्यावर थेट न चालता वाशांवर आडवी फळी टाकून तिच्यावरूनच सरकावे. जुन्या सिमेंट पत्र्यात ॲस्बेस्टॉस असते. तो कापू नये, फोडू नये. पाणी मारून अखंड उतरवावा, म्हणजे धूळ छातीत जात नाही. वर जायचा उत्साह घरात बहुधा तरण्या पोरांना असतो. पाठवावे मात्र सावकाश चालणाऱ्याला.

विजेचे तेवढे वेगळे सांगायला हवे. घरातला मेन स्विच बंद केला तरी खांबावरून मीटरपर्यंत आलेल्या तारेत वीज असतेच. ती तार पत्र्याला टेकलेली किंवा लोंबत असेल, तर महावितरणचा लाइनमन येईपर्यंत शिडी उभी करू नये. घरातल्या वायरिंगसाठी तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे शॉक लागताच वीज तोडणारा स्विच, बसवून घ्यावा. ते काम परवानाधारक वायरमनचे.

राहिली गळती. पहिल्या सरीत बॅटरी घेऊन माळ्यावर जावे, थेंब जिथे डोकावतो तिथे कौलाला आतूनच खडूची खूण करावी. वर चढायचे ते छप्पर पुरते वाळल्यावर, आणि खाली शिडी धरायला एक माणूस असेल तेव्हाच.