घरचं सगळं ठीक ना?



आजचा विषय मी मुद्दाम मागून घेतला. आठ वर्षांपूर्वी मला स्तनाचा कर्करोग झाला. शस्त्रक्रिया, केमोथेरपी, मग रोजची गोळी. तपासणीला गेले की परिचारिका फाइल चाळत विचारायची, ‘घरचं सगळं ठीक ना?’ मी ‘हो’ म्हणायचे. ‘घरचं’ म्हणजे काय, ते दोघींनाही ठाऊक होतं.

ठीक काहीच नव्हतं. केमोने पाळी अकाली गेली, योनीमार्ग कोरडा पडला, जवळ येणं दुखू लागलं. ह्यांनी अंथरूण बाहेरच्या खोलीत नेलं. मला वाटलं, किळस आली. ह्यांना वाटत होतं, आपला हात लागून हिला दुखेल. एवढं एकमेकांना सांगायला आम्हाला दोन वर्षं लागली.

मी वर्गात शृंगाररस शिकवते, लावणी शिकवते. पण डॉक्टरांपुढे शब्द सुचेना. ‘संभोग’ पाठ्यपुस्तकातला, ‘शरीरसंबंध’ पोलिसांच्या बातमीतला, बोलीतले शब्द शिव्यांत गेलेले. उरलं ते ‘घरचं’. प्रोस्टेटची शस्त्रक्रिया झालेल्या पुरुषांचीही तीच गत. नसांना इजा होऊन ताठरता जाऊ शकते, पण ते बोलायचं कुणाशी?

जीवनाची गुणवत्ता मोजायला डॉक्टर प्रश्नावल्या वापरतात. युरोपात तयार झालेल्या ‘क्यूएलक्यू-सी३०’ या मूळ प्रश्नावलीत ३० प्रश्न आहेत. भूक, झोप, थकवा, पैशाची ओढाताण, सगळं आहे. शरीरसुखाबद्दल एकही नाही. स्तनाच्या कर्करोगासाठीच्या २३ प्रश्नांच्या पुरवणीत तो विषय येतो. म्हणजे संकोच काही फक्त आपल्याकडचा नाही.

आणि मराठीला हे जमत नाही, असंही नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात कामजीवनावर स्वच्छ मराठीत लिहिलं. त्यापायी अश्लीलतेचे खटलेही सोसले. त्यांचं धाडस आपण व्याख्यानांत गौरवतो, त्यांची भाषा मात्र वापरत नाही.

शेवटी मी चिठ्ठी लिहून नेली : ‘कोरडेपणामुळे दुखतं. उपाय आहे का?’ डॉक्टरांनी दोन मिनिटांत सांगितलं. पाण्यावर आधारित वंगण-जेल औषधाच्या दुकानात मिळतं. हार्मोनचं मलम मात्र स्वतःच्या मनाने लावायचं नाही. तीच चिठ्ठी मी घरी ह्यांच्यापुढे ठेवली. चष्मा लावून त्यांनी ती दोनदा वाचली. ‘मग मला का नाही सांगितलंस?’ एवढंच म्हणाले.

अकादमीने रुग्णांसाठी एक पानी पत्रक काढावं, अशी माझी विनंती आहे. मसुदा सोबत आणला आहे. त्यात मी ‘जवळीक’ हा शब्द योजला आहे, पण तो मला फार सोवळा वाटतो. चहाच्या वेळी कुणीतरी दुसरा सुचवा.